आजोबांची अवजारपेटी भंगारात देण्याआधी

माळवदाचे घर पाडून स्लॅबचे बांधायला काढले की माळ्यावरून, देवळीतून, बळदाच्या तोंडाशी रचलेल्या अडगळीतून जुनी अवजारे खाली येतात. सुताराच्या घरी रंधे, वाकस, पटाश्या, किकरी. लोहाराच्या घरी ऐरण, घण, सांडश्या. सोनाराच्या घरी जंतरपट्टी, फुंकणी, ठसे आणि काट्याची पेटी. गवंड्याकडे ओळंबा आणि थाप्या, चर्मकाराकडे रापी आणि आरी. पाडकाम चालू असते, मिस्त्री जागा रिकामी करा म्हणून मागे लागलेला असतो आणि दारावर आलेला भंगारवाला सगळे एकदम तोलून घ्यायला तयार असतो. त्याच्या काट्यावर गेलेले लोखंड पुढे बऱ्याचदा जालन्याला पोचते. तिथल्या स्टील कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावर चालतात. रंध्याचे पाते एकदा त्या भट्टीत गेले की त्यावर कोणाचा शिक्का होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

गेल्या काही वर्षांत ही गळती वाढली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार, कुंभार अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांना नवी अवजारे घेण्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. योजना चांगली आहे. पण नवी पेटी घरात आली की जुनी पेटी आपोआप अडगळ ठरते. म्हणून हा लेख लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचे आधीच सांगतो. जुन्या अवजाराची किंमत लोखंडात थोडी आणि ओळखीत फार असते. ते कोणी बनवले, कधी बनवले, कोणी वापरले आणि त्याच्या सोबतीला काय काय होते, ही चार उत्तरे हाती असतील तर तुम्ही किंमत सांगू शकता. नसतील तर किंमत समोरचा सांगतो. ही उत्तरे मिळेपर्यंत पेटी फोडायची नाही, वाटायची नाही आणि घासायची तर मुळीच नाही.

पहिले काम: हात आवरणे

जुने लोखंड दिसले की आपल्याकडे पॉलिश पेपर, ग्राइंडर, पितळेला चिंच-लिंबू किंवा पितांबरी हे ठरलेले. तसे करू नका. वर्षानुवर्षे हाताळून लोखंडावर जो काळसर तपकिरी थर बसतो, तोच जुनेपणाचा पुरावा असतो आणि संग्राहक त्याचेच पैसे देतात. शिवाय शिक्के फार उथळ असतात. ग्राइंडरचा एक फेरा आणि इंग्लंडमधल्या शेफील्ड या अवजारांच्या गावाचे नाव साफ.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्यामुळे दांड्यांवर, रंध्यांच्या डोक्यावर हळदी-कुंकवाचे डाग बसलेले असतात. तेही राहू द्या. ते अवजार कोणत्या घरात, कोणत्या मानाने राहिले याची ती खूण आहे.

करायचे एवढेच: मऊ ब्रशने धूळ-माती झाडा. गंज सुटत असेल तर कापडाला शिलाई मशीनचे तेल लावून हलक्या हाताने पुसा. लाकडी भाग कोरड्या फडक्याने पुसा. लाकूड फार सुकले असेल आणि वस्तू ठेवायचीच असे ठरले असेल, तर नंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात देता येतो. पण ते फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चुरगाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडके पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकडातून पिवळसर भुकटी पडत असेल तर भुंगा लागला आहे. तो नग बाकीच्यांपासून वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आधी माणसे, मग लोखंड

शिक्का उद्याही वाचता येईल. ऐंशी वर्षांच्या अण्णांची आठवण उद्या असेलच असे नाही. म्हणून इंटरनेट उघडण्याआधी घरातल्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. नुसता फोटो दाखवू नका, अवजार त्यांच्या हातात द्या. हातात घेतल्यावर माणूस ते कसे धरायचे हे दाखवतो आणि दाखवता दाखवता बोलू लागतो.

‘हे किती जुने आहे?’ असे विचारले तर ‘लई जुनं, शंभर वर्षांचं’ हेच उत्तर मिळेल. ते खोटे नसते, पण कामाचेही नसते. काळ विचारायचा तर मराठवाड्याच्या माणसाला प्रसंगांवरून विचारावा. ‘अण्णा, रझाकारीच्या वेळी ही ऐरण घरात होती का? पोलीस ॲक्शननंतर आली?’ म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या अलीकडची की पलीकडची. ‘बहात्तरच्या दुष्काळात आबांनी काही अवजारे विकली होती का?’ ‘किल्लारीच्या भूकंपानंतर घरे बांधताना हाच रंधा वापरला होता का?’ म्हणजे १९९३. अशा दोन-तीन खुंट्यांना बांधलेली आठवण पक्की असते.

मग कुठून आणले ते विचारा. हैदराबादहून, सिकंदराबादच्या राणीगंजातून, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून, गावातल्या लोहाराकडून, की घिसाड्यांचा तांडा आला होता तेव्हा त्यांच्याकडून? कोणाच्या हाताखाली शिकले, कोणत्या गावांचे बलुते होते, कोणत्या वाड्याचे किंवा देवळाच्या सभामंडपाचे काम याच अवजारांनी केले? पुढे किंमत ठरवताना या गोष्टी लागतात.

घरातल्या आज्यांना, आत्यांना जरूर विचारा. पेटी कुठे ठेवायची, पूजेला काय काय मांडायचे, कोणते अवजार कोणाला हात लावू द्यायचे नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. परवानगी घेऊन बोलणे फोनवर रेकॉर्ड करा, आणि त्याच दिवशी तारीख घालून कागदावर उतरवा.

जुने कागदही काढा. दुकानाची पावती, वाटणीपत्र, इनामाचा किंवा बलुत्याचा उल्लेख असलेली नोंद. निजामाच्या काळातल्या कागदांवर बहुधा फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. १३४० फसली म्हणजे १९३० च्या आसपास. कागद उर्दू किंवा मोडीत असेल तर घाबरू नका. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांना ठाऊक झाली आहेत, त्यांच्यापैकी कोणीही वाचून देईल.

नोंदवही

प्रत्येक नगाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा आणि क्रमांक द्या. रंगाने किंवा मार्करने वस्तूवर लिहू नका. वहीत एका नगाला एक पान: नाव (घरात जे म्हणतात तेच), लांबी-रुंदी, वजन, कशाचे आहे, कुठे मोडले आहे, कोणी काय सांगितले. फोटो पांढऱ्या कापडावर, दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. सर्व बाजूंनी एकेक आणि शिक्क्याचा जवळून एक. पेटी उघडल्यावर अवजारे जशी रचलेली होती तसाच पहिला फोटो घ्या, कारण कोणती पाती कोणत्या रंध्याची हे पुष्कळदा त्या रचनेवरूनच कळते.

शिक्का वाचणे

इथे घाई करू नका. बहुतेक किंमत याच पायरीवर सापडते किंवा हुकते.

नाव कुठे शोधायचे ते आधी. लाकडी रंध्यावर कारखान्याचे नाव पुढच्या टोकाला, लाकडाचा आडवा छेद दिसतो तिथे ठोकलेले असते. त्याच्या आजूबाजूला, अंगावर, मागच्या टोकाला असलेली नावे बहुधा मालकांची असतात. एका रंध्यावर तीन-तीन मालकांची नावे सापडतात. पात्यावर वेगळेच नाव असू शकते, कारण पाते एकाचे आणि ठोकळा दुसऱ्याचा हे पूर्वीपासून चालत आले आहे. पटाशीवर नाव दांड्याच्या जरा खाली असते. करवतीवर पात्यावर कोरलेले किंवा मुठीतल्या पितळी बिल्ल्यावर. ऐरणीवर बाजूच्या अंगाला, कमरेजवळ.

अक्षरे पुसट असतील तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा. उभ्या उजेडात न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावली टाकतात. खडूची भुकटी हलकेच चोळून जास्तीची झटका, किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा. जेवढी अक्षरे लागतील तेवढीच लिहा. न लागलेल्या जागी टिंबे ठेवा, अंदाजाने शब्द पुरा करू नका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. प्रत्येक इंग्रजी शब्द म्हणजे कंपनी नव्हे. ‘वॉरंटेड सुपीरियर’ हे करवतीच्या बिल्ल्यावरचे शब्द अनेक कारखान्यांनी वापरले, त्यावरून बनवणारा कळत नाही. ‘कास्ट स्टील’ वाचून लोक ते बीडाचे, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचे समजतात. ते बीड नव्हे. १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली, त्या उत्तम पोलादाची ती खूण आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती अवजारांवर ठोकली जात होती.

आपल्याकडे सापडू शकतील अशी काही नावे आणि चिन्हे सांगतो. शेफील्डचा रॉबर्ट सॉर्बी म्हणजे कांगारूचे चित्र. आय. सॉर्बी हा वेगळा कारखाना, त्याचे चिन्ह मिस्टर पंच, म्हणजे इंग्रजी बाहुल्यांच्या खेळातले पात्र. दोन्ही सॉर्बींची गल्लत करू नका. विल्यम मार्पल्स म्हणजे तीन पानांचा शॅमरॉक. स्पिअर अँड जॅक्सन, वॉर्ड अँड पेन हेही शेफील्डचेच. करवतींत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा डिस्टन. त्याच्या बिल्ल्यावरची नावाची मांडणी काळानुसार बदलत गेली, त्यामुळे नुसत्या बिल्ल्याच्या फोटोवरून काळ ठरवता येतो. स्वीडनमधल्या एस्किल्स्तूनाच्या बर्ग कंपनीच्या पटाश्यांवर शार्क मासा. लोखंडी रंध्यांत अमेरिकेची स्टॅन्ले आणि शेफील्डची रेकॉर्ड. लंडनचा नॉरिस किंवा स्कॉटलंडमधल्या एअरचा स्पायर्स यांचा, लोखंडी कवचात शिसवी लाकूड भरलेला रंधा हाती लागला तर त्याला कोणालाही हात लावू देऊ नका. ते रंधे जगभर शोधले जातात. टपारिया, झालानी ही नावे स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय कारखान्यांची. ती अवजारे वापरायला उत्तम आहेत, पण त्यांना संग्राहकाचा भाव सहसा येत नाही.

आकड्यांचाही अर्थ असतो. स्टॅन्लेच्या रंध्यावरचा ४ हा आकडा सुमारे नऊ इंची रंध्याचा, ५ चौदा इंचीचा, ७ बावीस इंचीचा. चार नंबरचे रंधे अफाट संख्येने बनले, त्यामुळे ते जुने असूनही दुर्मीळ नाहीत. तेच एक नंबरचा चिमुकला रंधा क्वचित सापडतो आणि त्याचा भाव कैक पटींनी जास्त असतो. वय आणि दुर्मीळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत दुर्मीळपणाला येते.

काळ ठरवणे

शिक्क्यावरून बहुतेक वेळा ‘याच्या आधीचे नाही’ एवढे नक्की कळते, आणि तेवढेही पुष्कळ आहे. ‘मेड इन जर्मनी’ असेल तर १८८७ नंतरचे समजा. त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर उगमाचा देश छापणे आले. ब्रिटिश मालावर चौकटीच्या एक्क्यासारखी खूण असेल तर त्या वस्तूचे डिझाइन १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेले. ‘आर.डी. नंबर’, म्हणजे डिझाइनचा नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ नंतर. अमेरिकन रंध्यावर पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. त्यांतली शेवटची तारीख घ्या, रंधा त्यानंतरचा. स्टॅन्लेच्या पात्यावर बदामाच्या आकारात ‘एस. डब्ल्यू.’ असेल तर साधारण १९२० ते १९३५. रेकॉर्डचे रंधे १९३१ पासून. फुटपट्टीवर राबोन आणि चेस्टरमन ही दोन्ही नावे एकत्र असतील तर १९६३ नंतरची, कारण त्या वर्षी ते कारखाने एक झाले.

मराठवाड्यात आणखी एक माग सापडतो, तो रेल्वेचा. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास झाली. कितीतरी सुतार-लोहार या लाइनवर, गँगमध्ये, लालागुड्याच्या किंवा मनमाडच्या वर्कशॉपात कामाला लागले. अवजारावर ‘एन.जी.एस.आर.’ असेल तर ते निजामाच्या हमीवर चालणाऱ्या कंपनीचे. १९३० मध्ये निजाम सरकारने ती रेल्वे स्वतःकडे घेतली, त्यानंतर ‘एन.एस.आर.’. लातूर-धाराशिवकडच्या घरांत ‘बी.एल.आर.’ दिसले तर ती बार्शी लाइट रेल्वे, सरकारने १९५४ मध्ये विकत घेतलेली. अशी अवजारे लिलावात निघत, निवृत्त माणसाकडेही असत. घरात कशी आली ते लिहून ठेवा, पावती असेल तर जपा, म्हणजे विकताना मालकीचा प्रश्न निघणार नाही. रेल्वेचा इतिहास जमवणारे लोक वेगळे आहेत. अवजार साधेच असले तरी या अक्षरांसाठी ते घेतात.

वर टोक असलेला तीन रेषांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. बाणाला ‘आय’ जोडलेले असेल तर हिंदुस्थान सरकारचा. दुसऱ्या महायुद्धातला माल युद्धानंतर बाजारात आला, त्यावर १९४२, ४३, ४४ अशी साले असतात.

फुटपट्टीवर फक्त इंच आहेत म्हणून ती जुनीच असे धरू नका. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, वजनांची अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाली, पण सुतार आजही इंच आणि सूत यांतच बोलतो.

ऐरणीचा हिशेब

ऐरण वेगळी घेतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिच्यात होते. जड असल्यामुळे भंगारवाल्याला ती सर्वांत आधी हवी असते आणि घरच्यांनाही पैसे बरे आल्यासारखे वाटतात.

जुन्या इंग्रजी ऐरणीच्या अंगावर तीन आकडे असतात, मध्ये टिंब किंवा रेघ. ते वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे प्रत्येकी ११२ पौंड. दुसरा त्याचे पाव भाग, प्रत्येकी २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. समजा १-२-१४ आहे. ११२ अधिक ५६ अधिक १४, म्हणजे १८२ पौंड, साधारण साडेब्याऐंशी किलो. आता ऐरण काट्यावर घाला. वजन जवळपास जुळले तर ऐरण अखंड आहे, फार झिजलेली नाही. पाच-सात किलोंचा फरक पडला तर शिंग तुटून घासले आहे का, तोंडाची पोलादी पट्टी उखडली आहे का, ते पाहा.

दुसरी परीक्षा आवाजाची आणि उसळीची. ऐरणीच्या तोंडावर छोट्या हातोडीने ठोका. घडीव आणि पोलादी तोंडाची ऐरण खणखणीत वाजते, बीडाची ठप्प वाजते. मोठ्या बेअरिंगची गोळी हातभर उंचीवरून तोंडावर सोडा. ती जवळपास सोडल्या उंचीपर्यंत उसळली तर तोंड कडक आहे. एखाद्या जागी गोळी मरगळून पडत असेल तर तिथे तोंड मऊ पडले आहे किंवा खाली पट्टी सुटली आहे. घराला आग लागून गेलेल्या ऐरणीचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते, मग ती दिसायला चांगली असूनही उसळी देत नाही.

डडलीचा पीटर राइट, शेफील्डची माउसहोल ही इंग्रजी नावे, आणि कोल्स्वा किंवा सॉडरफोर्स ही स्वीडिश नावे दिसली तर भंगाराचा भाव विसरा. शिवाय ऐरणीला गिऱ्हाईक इथेच आहे. चाकू-सुऱ्या घडवणारे, शोभेचे लोखंडकाम करणारे शहरांतले नवे कारागीर चांगल्या ऐरणीच्या शोधात असतात, कारण नव्यांत तशी मिळणे अवघड आहे.

शिक्का नसलेली गावठी अवजारे

आपल्या पेट्यांमधली बहुतेक अवजारे इथल्याच लोहाराने घडवलेली आणि इथल्याच सुताराने दांडा बसवलेली असतात. त्यांवर नाव नसते. परदेशी संकेतस्थळांवर त्यांचा भाव सापडणार नाही, म्हणून ती कवडीमोल आहेत असे समजणे हा अन्याय आहे.

ती पाहायची रीत वेगळी. पटाशीच्या धारेकडे तिरपे बघा. मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडल्याची रेषा दिसली तर ते जुन्या पद्धतीचे भट्टीतले जोडकाम आहे. जुनी कानस घडवून केलेल्या पटाशीवर कानशीचे दाते पुसट दिसतात. दांड्याचे लाकूड बाभूळ, तिवस, खैर की शिसम ते ओळखा. वाकसाच्या दांड्याला तळहाताने पाडलेली झीज, रंध्यावर कोरलेली वेल, भोक पाडायला कमानीने फिरवायच्या सामत्याची पितळी टोपी, लाकडावर रेघ आखायच्या खतावणीवर जडवलेले पितळ, हे सगळे लिहा. अशा एकट्या वाकसाला फार पैसे येणार नाहीत. पण एका सुताराची अख्खी पेटी, त्याचे नाव, गाव, त्याने केलेल्या कामांची माहिती आणि त्याचा एखादा फोटो, असा संच संग्रहालयाला आणि अभ्यासकाला हवा असतो. तोच सुटा झाला तर पंधरा गंजकी लोखंडे उरतात.

सोनाराची काट्याची पेटी, नक्षीदार ठसे आणि अडकित्ते यांना मात्र सुटेही गिऱ्हाईक मिळते. त्यांचे संग्राहक देशातच भरपूर आहेत.

स्थिती

नाव कळले, काळ कळला, तरी मोडतोड निम्मा भाव खाते. बीडाच्या रंध्याच्या तोंडापाशी केसासारखी भेग असते. ती तिरप्या उजेडात शोधा. पात्याला धार लावून लावून पोलाद किती उरले ते पाहा. करवत डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा. मूठ मूळची की नंतर बसवलेली? झिरीच्या, म्हणजे लाकडात खाच पाडायच्या इंग्रजी रंध्याबरोबर १ ते ८ क्रमांकांची आठ पाती असत. आठही असतील तर भाव वेगळा, पाच असतील तर वेगळा. म्हणून पेटीच्या तळाशी पडलेले खिळे-पाती चाळून पाहिल्याशिवाय झाडलोट करू नका.

भाव शोधणे

आता तीन आकडे काढायचे. पहिला तळाचा: वजन गुणिले आजचा भंगाराचा दर. दोन-तीन ठिकाणी विचारा. याच्या खाली कधीच जायचे नाही. दुसरा वापराचा: तसेच नवे अवजार मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात कितीला मिळते ते पाहा आणि कामावरचा सुतार जुन्याचे किती देईल ते त्यालाच विचारा. चांगला सुतार पात्याला नख लावून पोलाद कसे आहे ते सांगतो, त्याचे मत ऐकण्यासारखे असते. तिसरा संग्राहकाचा.

तिसऱ्यासाठी एकच नियम: मागितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा. ओएलएक्सवर कोणी रंध्याचे पन्नास हजार मागत असेल तर ती त्याची इच्छा झाली. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ असा पर्याय निवडला की खरोखर विकलेल्या वस्तू आणि रकमा दिसतात. तोच कारखाना, तोच नंबर, तशीच स्थिती असलेली निदान पाच-सहा उदाहरणे घ्या. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडून द्या, मधली धरा. इंग्लंडमधल्या डेव्हिड स्टॅन्ले या फक्त अवजारांचे लिलाव करणाऱ्या संस्थेचे जुने निकालही पाहण्यासारखे आहेत.

कारखान्याची माहिती हवी असेल तर ब्रिटिश कारखान्यांसाठी ग्रेसेस गाइड, अमेरिकन पेटंटसाठी डॅटाम्प ही संकेतस्थळे मोफत आहेत, आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुने कॅटलॉग पानोपानी पाहता येतात. कॅटलॉगात तुमचे अवजार चित्रासह सापडले तर ते पान छापून नोंदवहीत लावा. घेणाऱ्यापुढे यापेक्षा मोठा पुरावा नाही.

परदेशातला भाव जसाच्या तसा रुपयांत करू नका. समजा तिकडे एक रंधा ४० पौंडांना गेला. त्यात लिलावाचे कमिशन असते आणि घेणारा तिथलाच असतो. इथून पाठवायचे तर टपाल, पेटीबंदी, जकात आणि वाटेत बीड फुटण्याचा धोका. इथला घेणारा हे सगळे वजा करूनच बोलतो. तुम्हीही आधीच वजा करा, म्हणजे निराशा होत नाही आणि फसवणूकही होत नाही.

कायदा

पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा, लागू झाला १९७६ मध्ये. निदान शंभर वर्षे जुनी, गतकाळातील कला, कारागिरी, विज्ञान दाखवणारी वस्तू त्यात पुरावस्तू धरली जाते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणून घेणारा स्वतःला डीलर म्हणवत असेल तर परवाना दाखवा म्हणा. वस्तू शंभरीच्या आसपासची वाटत असेल आणि परदेशी गिऱ्हाईक असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. त्यांचे मंडळ कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

मुठीला किंवा फुटपट्टीला हस्तिदंत असेल तर विक्रीचा विचार सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. हाड आहे की हस्तिदंत असा संशय असेल तर वनविभागाला विचारा. शिंगाच्या मुठीबाबतही तसेच.

विकणे, वाटणे, देणे

विकण्याआधी भावंडांची, चुलत्यांची संमती लेखी घ्या. अवजारे वडिलोपार्जित असतील तर तुमच्या माळ्यावर सापडली म्हणून ती एकट्या तुमची होत नाहीत. वाटणी करायचीच असेल तर संच न फोडता करा: पेटी एकाकडे, तिची ठरवलेली किंमत दुसऱ्यांना. प्रत्येकाला एकेक रंधा दिला की सगळ्यांचेच मोल कमी होते. अख्खी नोंदवही मात्र प्रत्येक घरात असू द्या.

विकताना पहिला फोन करणाऱ्याला होय म्हणू नका. ऑनलाइन पैसे घेताना क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआयचा पिन टाकायला सांगितले तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन लागत नाही. तांदूळ ओढणारे भांडे, वीज पडलेला धातू असल्या गोष्टी सांगत कोटींची भाषा करणारी माणसे मराठवाड्यात फिरतात. जुन्या अवजारांच्या चौकशीच्या निमित्ताने ती घरात शिरतात आणि तपासणीच्या नावाने आगाऊ पैसे उकळतात. अशांना अवजारे दाखवूही नका.

विकायचे नसेल तर संग्रहालय हा मार्ग आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने तर घरगुती वापराच्या वस्तूंनाच मान दिला. वस्तू घेऊन थेट जाऊ नका. आधी नोंदवहीची प्रत आणि फोटो पाठवा, त्यांना खरोखर हवे आहे का ते विचारा, ठेवायला जागा आहे का ते विचारा. होकार आला तर देणगीपत्रात कारागिराचे पूर्ण नाव, गाव आणि व्यवसाय लिहून घ्या. फक्त देणाऱ्याचे नाव पुरेसे नाही.

विका किंवा द्या, पावतीवर नगाचा नोंदवहीतला क्रमांक, शिक्क्याचा मजकूर आणि स्थिती लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि पावतीची एक प्रत त्याच पानाला जोडा. उरलेल्या नगांची चिठ्ठी आणि तेलाचा हात दर पावसाळ्याआधी तपासा. मराठवाड्याचा उन्हाळा लाकूड सुकवतो, आणि दांडा सैल झालेला घण तसाच वापरायला काढला तर डोके निसटून इजा होते.